ओंटारिओची थंडी टाळून मोटरहोमने फ्लोरिडाला: निघण्यापासून परतण्यापर्यंत

पहिल्या वर्षी ओंटारिओतल्या मिसिसॉगाहून निघताना आम्ही मोटरहोमची, म्हणजे चाकांवरच्या राहत्या घराची, पाण्याची टाकी घरीच काठोकाठ भरून घेतली. लांबच्या प्रवासाला निघताना पाणी भरून घ्यायचं, ही लहानपणापासूनची सवय. दुसऱ्या रात्री ओहायोत पारा उणे नऊवर उतरला. सकाळी नळाला पाणी नव्हतं, पण आम्ही फार लक्ष दिलं नाही. केंटकीत दुपारचं ऊन लागल्यावर बर्फ वितळला आणि सिंकखालच्या तडकलेल्या जोडातून पाणी फरशीवर पसरलं. दुरुस्तीत चार दिवस गेले, फरशीचा एक तुकडा बदलावा लागला.

त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात मी दोन वह्या ठेवत आले आहे, एक पाण्याची आणि एक दिवसांची. गाडी चालवणं त्या मानाने सोपं असतं. कॅनडातून दक्षिणेला जाणाऱ्यांना, म्हणजे इथल्या भाषेत 'स्नोबर्ड' मंडळींना, अडचणी येतात त्या बहुतेक या दोन हिशेबांत चूक झाल्यामुळे. निवृत्त होऊन पहिल्यांदाच असा विचार करणारे बरेच मराठी लोक भेटतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी दिवस मोजा

हे काम उन्हाळ्यातच, गाडी घेण्याच्याही आधी करायचं. हिशेब तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळे चालतात.

पहिला हिशेब अमेरिकेत राहण्याच्या परवानगीचा. कॅनडाच्या नागरिकाला व्हिसा लागत नाही आणि साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण शेवटचा शब्द सीमेवरच्या अधिकाऱ्याचा. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि कॅनडाचं फक्त पीआर (कायम वास्तव्याचं) कार्ड असेल, तर अमेरिकेचा बी-१/बी-२ हा पाहुण्यांचा व्हिसा लागतोच. ११ एप्रिल २०२५ पासून आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं. जमिनीवरून आत गेलेल्या आणि ३० दिवस किंवा त्याहून जास्त राहणाऱ्या कॅनेडियन माणसाची नोंदणी झालेली असावी लागते. आय-९४ ही प्रवेशनोंद मिळाली की ती नोंदणी झाल्यासारखीच असते, आणि तिचा अर्ज निघण्याआधी ऑनलाइन भरता येतो. सीमेवर घाईत मागण्यापेक्षा तो घरूनच भरा, आणि नोंदीची प्रत पासपोर्टबरोबर ठेवा.

दुसरा हिशेब अमेरिकेच्या आयकराचा. इथे बहुतेकांची गफलत होते, कारण 'सहा महिन्यांच्या आत आहोत ना' एवढ्यावर ते थांबतात. आयआरएस, म्हणजे तिथलं आयकर खातं, तीन वर्षांचे दिवस एकत्र मोजतं: चालू वर्षाचे सगळे, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याच्या मागच्या वर्षाचे एक षष्ठांश. चालू वर्षात किमान ३१ दिवस असतील आणि ही बेरीज १८३ किंवा जास्त आली, तर करासाठी तुम्ही तिथले रहिवासी ठरू शकता. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०. हे चालतं. दरवर्षी १५० दिवस राहिलात तर १५० अधिक ५० अधिक २५, म्हणजे २२५. हे चालत नाही. अशा वेळी, त्या वर्षातले प्रत्यक्ष दिवस १८३ पेक्षा कमी असतील, तर फॉर्म ८८४० भरून 'आमचं घरदार, नाती, बँक सगळं कॅनडात आहे' असं कळवायचं. मुदत पुढच्या वर्षाची १५ जून. नवरा-बायकोने आपापला फॉर्म वेगळा भरायचा. आणि हे दिवस जानेवारी ते डिसेंबर असे मोजले जातात, त्यामुळे एकच हिवाळा दोन वर्षांत वाटला जातो. जाण्याचा आणि येण्याचा दिवसही धरला जातो, मग तुम्ही रात्री अकरा वाजता सीमा ओलांडलेली का असेना.

तिसरा हिशेब आपल्या प्रांताच्या आरोग्यविम्याचा. ओंटारिओत कोणत्याही १२ महिन्यांत २१२ दिवसांपर्यंत बाहेर राहिलं तर ओहिप, म्हणजे तिथला सरकारी आरोग्यविमा, टिकतं. प्रत्येक प्रांताचा नियम वेगळा आहे, क्विबेकचा तर मोजण्याची पद्धतच वेगळी. आपल्या लोकांनी इथे एक गोष्ट विसरू नये: पुण्याला किंवा कोल्हापूरला घालवलेले दिवसही यात धरले जातात. आम्ही हिवाळा फ्लोरिडात काढतो आणि गणपतीच्या आसपास दोन महिने सांगलीला जातो. दोन्ही मिळून २१२ च्या आत बसवताना हातात थोडेच दिवस उरतात. एखाद्या वर्षी भाचीचं लग्न डिसेंबरात निघालं की सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. भारतातले दिवस अमेरिकेच्या हिशेबात धरायचे नाहीत, ओहिपच्या हिशेबात मात्र धरायचे. म्हणून वहीत दोन रकाने वेगळे ठेवा.

प्रवासविमा ऑगस्टमध्ये बघा

ओहिप परदेशातल्या तातडीच्या उपचारांना जे देतं ते नाममात्र आहे: रुग्णालयात दाखल झाल्यास दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर, दाखल न होता घेतलेल्या उपचाराला ५०. अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या बिलापुढे हे काहीच नाही. प्रवासविम्याशिवाय सीमेकडे जाऊच नका.

हा विमा घेताना एकच कलम नीट वाचलंत तरी पुष्कळ झालं, ते म्हणजे आधीच्या आजाराची 'स्थिरता'. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल, तर निघण्याआधी ठरावीक काळ, बहुधा ९० ते १८० दिवस, त्या आजारात काही बदल झालेला चालत नाही. आणि बदल म्हणजे फक्त आजार वाढणं नव्हे. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला, नवी तपासणी सांगितली, तरी बऱ्याच पॉलिसींत आजार 'अस्थिर' धरला जातो. तब्येत सुधारली म्हणून डोस कमी झाला आणि त्याच कारणाने दावा अडला, असं आमच्या ओळखीत घडलं आहे. म्हणून वार्षिक तपासणी मे-जूनमध्ये उरकून घ्या, ऑगस्टमध्ये फॅमिली डॉक्टरांकडून औषधांची लेखी यादी घ्या आणि ती समोर ठेवूनच विम्याची प्रश्नावली भरा. आठवणीवर भरू नका.

गाडी

विकत घेण्याआधी जुलैत आठवडाभर भाड्याने घेऊन ओंटारिओतल्या अल्गॉन्क्विन उद्यानात वगैरे जाऊन या. पावसात दोन दिवस आत बसून काढलेत की आपल्याला हे जगणं मानवतं की नाही ते कळेल.

दोन माणसांसाठी मी २४ ते २८ फुटांचं 'क्लास सी' सुचवीन, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला कप्पा असतो ती गाडी. त्याहून मोठी घेतली तर सरकारी उद्यानांतल्या जुन्या जागांत ती बसत नाही. ओंटारिओचा साधा 'जी' परवाना ११,००० किलोपर्यंतच्या वाहनाला चालतो, त्यामुळे वेगळा परवाना लागत नाही. गुडघे दुखत असतील तर पलंगावरून तिन्ही बाजूंनी उतरता येतं का, ते दुकानातच झोपून बघा. संकोच करू नका.

टायरच्या खाचा खोल दिसतात म्हणून ते चांगले समजू नयेत. मोटरहोम वर्षातले बरेच महिने उभी असते आणि रबर आतून वाळतं. टायरवर 'डॉट' अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. सहा-सात वर्षं झाली की बदला. सामान भरून झाल्यावर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडीचं वजन करा आणि त्यानुसार हवा भरा. घरी उणे पाचात भरलेली हवा जॉर्जियाच्या २५ अंशांत बरीच वाढते, ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेल्या टायरमध्ये साधारण दहाने. म्हणून रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर गार असताना मोजा. चालून तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडू नका.

पाणी: कोरडं निघायचं, वाटेत भरायचं

दक्षिण ओंटारिओत ऑक्टोबरअखेर रात्री गोठायला लागतात. त्याआधी नळांमधलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारा द्रव, भरून घ्यायचं. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं आणि विषारी नसतं. गाडीच्या इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ विष आहे, ते पिण्याच्या पाण्याच्या नळांत चुकूनही जाता कामा नये.

आधी गिझरची वीज आणि गॅस दोन्ही बंद करा आणि तो पूर्ण गार होऊ द्या. गरम पाण्याचा एक नळ उघडून दाब सोडा, मगच गिझरचं बूच काढा, नाहीतर उकळतं पाणी अंगावर येतं. मुख्य टाकी रिकामी करा, गाडीखालच्या दोन्ही निचरा-तोट्या उघडा, सगळे नळ उघडे ठेवा. पाणी थांबलं की तोट्या बंद करून गिझरचा बायपास, म्हणजे गिझर वगळून पाणी पुढे नेणारी झडप, फिरवा. तो फिरवला नाही तर सहा किंवा दहा गॅलन अँटिफ्रीझ नुसत्या गिझरमध्ये जातं. मग पंपाची नळी अँटिफ्रीझच्या बाटलीत सोडून पंप चालू करा आणि एकेक नळ उघडा. आधी गार बाजू, मग गरम, पाणी गुलाबी होईपर्यंत. संडासाचा फ्लश, आतला शॉवर आणि बाहेरच्या बाजूचा शॉवर विसरू नका, बाहेरचा तर हमखास राहतो. शेवटी प्रत्येक सिंकच्या आणि न्हाणीच्या जाळीत कपभर ओता, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपातलं पाणीही गोठणार नाही. सगळं मिळून दोन ते तीन गॅलन लागतं, म्हणजे आठ ते अकरा लिटर.

पुढचे तीन-चार दिवस मोटरहोम कोरडी चालते. पिण्याला आणि स्वयंपाकाला पाच लिटरचे कॅन आतल्या उबेत ठेवा. संडासात पाण्याऐवजी थोडं अँटिफ्रीझ ओता. अंघोळ ट्रक स्टॉपवर करता येते, तिथली न्हाणीघरं स्वच्छ असतात. भांडी कमी घासावी लागावीत म्हणून मी घरून तीन दिवसांच्या धपाट्या, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं करायला भाजलेलं बेसन नेते.

पाणी कुठे भरायचं हे नकाशावरून ठरवू नका, हवामानाच्या अंदाजावरून ठरवा. पुढच्या पाच रात्रींत किमान तापमान शून्याच्या वर असेल तिथे. आम्हाला ते ठिकाण बहुधा जॉर्जियात मेकनच्या खाली सापडतं. नळ धुऊन गुलाबी रंग गेला की टाकी शुद्ध करा: दर १५ गॅलनला पाव कप बिनवासाचं ब्लीच, आधी पाण्यात मिसळून. प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी काढा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी सगळं धुऊन टाका. बायपास परत फिरवून गिझर भरल्याची खात्री होईपर्यंत त्याचं विजेचं बटण लावू नका. रिकाम्या गिझरमध्ये कॉइल लगेच जळते.

बॅटरीचंही थंडीशी वाकडं आहे. रात्री आतली हवा गरम ठेवणारा फर्नेस प्रोपेन गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. पारंपरिक शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नका. लिथियम बॅटरी असेल तर शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करायची नसते, आत हीटर आहे का ते पुस्तिकेत बघा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म निघण्याच्या दिवशी बटण दाबून तपासा. बंद गाडीत गॅसवर ऊब घेणाऱ्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

घर बंद करताना

घराच्या विमा कंपनीला लेखी कळवा. हिवाळ्यात घर रिकामं असेल तर कुणीतरी ठरावीक दिवसांनी आत जाऊन बघावं, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. किती दिवसांनी, ते विचारून घ्या आणि किल्ली असलेल्या माणसाला प्रत्येक भेटीचा फोटो काढायला सांगा. पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून पाइप रिकामे करा, हीटिंग १५ अंशांवर ठेवा. पदपथावरचा बर्फ काढण्यासाठी माणूस ठरवा.

सीमा आणि स्वयंपाकघर

खाण्याची प्रत्येक वस्तू विचारल्यावर सांगायची. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला ३०० डॉलरपासून दंड होऊ शकतो.

कढीपत्त्याची कुंडी नेऊ नका, ताजी पानंही नको. कढीपत्ता लिंबूवर्गीय झाडांचा नातलग आहे आणि त्याच्यावर जगणारा एक बारीक किडा संत्र्यांच्या 'ग्रीनिंग' रोगाचा वाहक आहे. हा रोग फ्लोरिडात २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागा त्याने उजाड केल्या. चार पानांसाठी कुणी त्यात भर घालू नये. परत येतानाही तिथल्या कुणी प्रेमाने दिलेली कुंडी आणायची नाही. भारतातून आलेला तांदूळही मागे ठेवा. खाप्रा नावाच्या धान्यकिड्यामुळे अमेरिकेने अशा देशांतला तांदूळ प्रवाशांनी आणण्यावर २०११ मध्ये बंदी घातली. आंबेमोहोराची पिशवी मुलीकडे ठेवून जा, फ्लोरिडातल्या टँपात भारतीय किराणा दुकानं आहेत. औषधं मात्र मूळ बाटल्यांतच न्या.

विजेचं गणित आपल्या स्वयंपाकाला जास्त लागू पडतं. लहान मोटरहोमची जोडणी ३० अँपिअरची असते, १२० व्होल्टवर म्हणजे ३,६०० वॅट. इंडक्शन १,८०० खातं, गिझर १,४४०. त्यात मिक्सर लावलात की ब्रेकर पडतो. म्हणून चटणी वाटायची असेल तेव्हा गिझर बंद. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालत नाही, तो नेऊ नका. कुकरला गॅसची शेगडीच बरी, पण वरचा पंखा चालू आणि खिडकी उघडी ठेवून. त्या छोट्या जागेत वाफ छताला धरते आणि महिनाभरात बुरशी येते.

रस्ता

निघण्याची वेळ नोव्हेंबरचे पहिले दहा दिवस. त्याआधी वादळांचा मोसम बराच उरलेला असतो, तो ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात, आणि नंतर सरोवरांवरून येणारा बर्फ गाठतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला चार दिवसांत सहा फुटांहून जास्त बर्फ पडला होता. म्हणून आम्ही बफेलो-ईरीचा रस्ता सोडून विंडसर-डेट्रॉइटवरून आय-७५ महामार्ग धरतो. दिवाळी उशिरा आली तर ती वाटेत होते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, तेव्हा आकाशकंदील जॉर्जियातल्या एका कॅम्पग्राउंडवर गाडीच्या बाजूच्या कापडी छपराला टांगला. शेजारच्या मिशिगनच्या आजी-आजोबांना चिवडा फार आवडला.

टँपापर्यंत साधारण २,२०० किलोमीटर. आम्ही पाच दिवस घेतो: विंडसर, सिनसिनाटीच्या खाली केंटकी, नॉक्सव्हिल, मेकन, आणि मग फ्लोरिडा. तीनशे मैल किंवा दुपारचे साडेतीन, यांतलं जे आधी येईल तिथे थांबायचं, असा मोटरहोमवाल्यांमधला जुना नियम आहे. हिवाळ्यात लवकर अंधारतं आणि अनोळखी जागेत अंधारात गाडी मागे घेणं हे अपघाताचं मोठं कारण आहे. सिनसिनाटी आय-२७५ ने आणि अटलांटा आय-२८५ ने वळसा घालून पार करा, सकाळी दहा ते दोनच्या दरम्यान. केंटकी-टेनेसी सीमेवर जेलिकोचा घाट लागतो. उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका, खालच्या गिअरमध्ये या.

गाडीची उंची फूट-इंचांत लिहून काचेजवळ चिकटवा. अमेरिकेतल्या पुलांवरच्या पाट्या मीटरमध्ये नसतात. पेट्रोल १०० किलोमीटरला २४ ते २९ लिटर लागतं, म्हणजे एका फेरीला साडेपाचशे-सहाशे लिटर धरून चाला. पेट्रोल भरताना प्रोपेनची शेगडी, गिझर, फ्रिज बंद. रात्री एखाद्या मोठ्या दुकानाच्या आवारात थांबायचं असेल तर आत जाऊन विचारा. काही ठिकाणी परवानगी असते, काही ठिकाणी गावाचाच नियम आड येतो.

तिथे पोचल्यावर

फ्लोरिडा म्हणजे सगळीकडे ऊब, असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये उत्तरेच्या पट्ट्यात, पेन्साकोला परिसरात, आठ-नऊ इंच बर्फ पडला. ऊब हवी असेल तर टँपाच्या खाली या. सरकारी उद्यानांचं आरक्षण बाहेरच्यांना १० महिने आधी उघडतं, तिथल्या रहिवाशांना ११. म्हणजे जानेवारीची जागा मार्चमध्ये, आदल्या हिवाळ्यातून परतण्याआधीच बघायची. एका उद्यानात सलग १४ रात्रीच मिळतात, त्यामुळे आम्ही दोन महिने एका खाजगी पार्कात काढतो आणि उरलेले फिरतो.

सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात: संडासाची 'ब्लॅक' आणि सिंक-न्हाणीची 'ग्रे'. कायमची जोडणी मिळाली तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवू नका. पाणी निघून जातं आणि घाण तळाशी साचून घट्ट होते. दोन तृतीयांश भरली की आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. हातमोजे घाला. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी या नळीजवळही ठेवायची नाही. पार्कच्या नळाला ४०-५० पीएसआयचा दाबनियंत्रक आणि विजेच्या खांबाला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं यंत्र) लावा.

गोठण्याचा इशारा आला की त्या संध्याकाळी बाहेरची नळी काढून आत घ्या आणि रात्रभर टाकीतलं पाणी वापरा.

परतताना

एप्रिलच्या पहिल्या आठवड्याआधी निघू नका. मार्चच्या ओहायोवर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. मेकनजवळ थांबून पाणी काढायचं, गुलाबी अँटिफ्रीझ परत भरायचं, तोच क्रम. सीमा ओलांडल्याची तारीख त्याच दिवशी वहीत लिहायची, इंधनाची पावती जोडून.

घरी पोचल्यावर मुख्य कॉक एकदम उघडू नका. पाव फेरा द्या आणि तळघरात जाऊन पाइपांखाली हात फिरवून बघा. दुसऱ्या माणसाने वर प्रत्येक नळाजवळ जावं. सगळं कोरडं असेल तर आणखी पाव फेरा. गिझर भरल्यावरच चालू करा.